कुरकुरीच्या दिशेने

सोमवार, ४ नोव्हेंबर

ठोंब्या,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावरचं अक्षर बघूनच कळलं की काहीतरी मागायला आला आहेस. एरवी तुझं अक्षर म्हणजे कागदावर मुंग्या चिरडल्यासारखं. गरज पडली की मात्र एकेक वेलांटी कशी बेतात येते. फोन तू करू शकत नाहीस, कारण तुझा नंबर मी दोन वर्षांपूर्वीच बंद करून टाकला. तेव्हा पत्र. ठीक आहे, मीही पत्रच लिहिते. मेल लिहिली तर तू ती तुझ्या दोन भागीदारांना दाखवशील आणि तिघं मिळून मान हलवत बसाल.

हो, तुमचा गेम परीक्षणाला माझ्याकडेच आला आहे. 'घर, आठवणी आणि एक वृद्ध स्त्री' असं वर्णन वाचलं की आमच्याकडच्या पोरांचे डोळे गेम उघडायच्या आधीच भरून येतात आणि ती दहापैकी नऊ देऊन मोकळी होतात. म्हणून असे गेम संपादक माझ्या टेबलावर टाकतात. निर्मात्याचं नाव मी वाचलं. नको म्हणाले नाही.

नात्यातल्या माणसाच्या गेमचं परीक्षण करायचं नाही, असा आमच्या साइटवर नियम आहे. तो मीच लिहिला. एका पोरानं मेव्हण्याच्या गेमला आठ दिले होते, तेव्हा त्याला खुर्चीसकट उचलून बातम्यांच्या टेबलावर नेऊन बसवला होता मी. अजून तिथंच बसतो तो. तुझं माझं नातं इथं कोणाला ठाऊक नाही. लग्नानं मला दुसरं काही दिलं नाही, आडनाव तेवढं दिलं. नवरा गेला तरी ते राहिलं आणि आज कामाला आलं. शिवाय नियम होता तो लाड थांबवण्यासाठी. भावाला तीन गुण देण्याच्या आड तो येतो असं मला वाटत नाही.

आता तुझी मागणी. "ताई, नाही म्हणू नकोस. हवं ते लिही, हवे तेवढे गुण दे. फक्त एकदा आवाज चालू ठेवून खेळ." आणि खाली, जणू सहज आठवलं म्हणून, की पहिल्या आठवड्यात समीक्षकांच्या गुणांची सरासरी सातच्या खाली गेली तर स्टोअरवाले गेम पहिल्या पानावरून उतरवतात, मग तो कोणाच्या नजरेस पडत नाही, आणि तुम्हा तिघांना गाशा गुंडाळावा लागेल. आमच्या साइटच्या गुणांना त्या सरासरीत वजन आहे हे तू मला समजावून सांगतोस! ते वजन आणलं कोणी?

आणि आवाजाचं म्हणशील तर माझी पद्धत तुझ्याइतकी कोणालाच माहीत नाही. आपण दोघं मिळून परीक्षणं लिहायचो तेव्हा कंट्रोलर माझ्या हातात असायचा आणि तू शेजारी बसून टिपणं घ्यायचास. पहिला फेरा आवाज बंद ठेवून, दुसरा चालू करून. संगीत ही लाच आहे. पियानोचे दोन सूर टाकले की रिकाम्या खोलीतही अर्थ दिसायला लागतो. आवाज काढून घेतल्यावर जो उभा राहतो तो गेम, बाकी सगळी सजावट. हल्ली तर दुसरा फेराही मी करत नाही. डाउनलोडवर दर आठवड्याला ढिगानं येतं हे धान्य, आणि त्यात दाण्यापेक्षा खडे जास्त.

पूर्वी गेम डिस्कवर यायचा. डब्यात, पुस्तिकेसकट. त्यात चूक राहिली तर जन्मभराची नाचक्की, म्हणून माणसं दहादा तपासून द्यायची. आता काय, अर्धंकच्चं चढवा वर आणि पुढच्या आठवड्यात ठिगळ लावा. त्या ठिगळाला अपडेट म्हणायचं. तुमची सगळी पिढीच ठिगळांवर जगते.

तुमचा 'भिंतीच्या कडेने' पंधरा तारखेला, शुक्रवारी येतोय असं दिसतं. नाव मात्र शोभतंय तुला. आयुष्यभर कडेकडेनंच चाललास.

तुझी परीक्षक

&nbsp;

गुरुवार, ७ नोव्हेंबर

निर्माते महोदय,

खेळायला बसले. कुठं बसले ते तरी विचार. ज्या बाहेरच्या खोलीत तुमचा गेम सुरू होतो त्याच खोलीत, त्याच भिंतीला पाठ लावून. मी अजून इथंच राहते. टीव्ही आहे तिथंच आहे. समोर खरी खोली, आणि तिच्यात टीव्हीवर तुझी खोटी.

सुरुवातीला पाटी आली: 'हेडफोन लावून खेळावे.' हेडफोन लावा, दिवे मालवा, पाणी पिऊन बसा! गेम आहे की दवाखान्यातली तपासणी? मी बटण दाबून पुढं गेले. टीव्हीचा आवाज आधीच बंद केला होता.

मग राखाडी. मग जरा गडद राखाडी. कंट्रोलरनं हात पुढं केला की भिंतीचा एक तुकडा दिसतो, हात काढला की परत राखाडी. कळलं मला. ही आई आहे. नजर गेल्यावरची आई, घरात चाचपडत फिरणारी. तिची ती शेवटची वर्षं तू विकायला काढलीस, आणि तीही अशी की पडद्यावर ना आई दिसते, ना घर, ना माणूस. हल्ली या छोट्या गेममध्ये कोणीतरी मेलेलं असावंच लागतं. आधी निदान राजकन्येला सोडवायचं असायचं. आता आजोबांच्या आठवणीत झाडाला पाणी घाला, आजीच्या चष्म्याचे तुकडे गोळा करा. त्यात तुझी भर.

बरं, घर तरी नीट काढायचं. खिडकीखालचं कपाट तू उजव्या हाताला ठेवलंस. ते तिथं नाही. आई त्या कपाटाला धडकून पडली, तिचा खुबा गेला, तेव्हाच मी आणि खालच्या दुकानदारानं मिळून ते मागच्या खोलीत सरकवलं. तुला कसं माहीत असणार? तू फोनवर होतास. रोज संध्याकाळी न चुकता फोन. आधी आईशी गुजगोष्टी आणि मग माझ्यासाठी सूचना: तिला उन्हात बसव, तिच्याकडून व्यायाम करून घे, तिच्याशी जरा गोड बोलत जा. उंटावरून शेळ्या हाकायला अक्कल लागत नाही, नुसतं नेटवर्क लागतं. तिला न्हाऊ घालणं, तिच्या औषधांच्या वेळा, तिच्या ताटात काय कुठं वाढलंय ते सांगणं, हे सगळं कोण करत होतं? आणि गेम कोणी केला? आयत्या पिठावर रेघोट्या मारायची तुझी हौस जुनीच आहे.

आणि आई गेल्यावर शेवटी आलास तेव्हा काय केलंस तेही मी विसरलेले नाही. मी आईचे स्वेटर पिशव्यांत भरत होते आणि तू मोरीत उकिडवा बसून नळासमोर माइक धरला होतास. त्याला ती केसाळ टोपी घातलेली. मग दाराची कडी रेकॉर्ड केलीस. मग तिची काठी उचलून फरशीवर टकटक करून बघितलंस. मी विचारलं हे काय चाललंय, तर म्हणालास, "ताई, जरा गप्प बस ना. आवाज घेतोय." मला गप्प बस! त्या दिवशी, त्या घरात! माइक जिन्यातून खाली गेला आणि त्याच्यामागं तू गेलास. त्याबद्दल मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

म्हणून आवाज बंद. पद्धत आहेच, पण नुसती पद्धत नाही असं समज. मोरीतला तो नळ अजून गळतो. तो मला रोज फुकट ऐकू येतो. तुझ्याकडून आणखी कशाला ऐकू?

असो. तासभर फिरले आणि अडकले. स्वयंपाकघराचं दार सापडत नाही. भिंतीला हात लावून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जाते आणि परत आईच्या खुर्चीवर येऊन आदळते. खुणेचा दिवा नाही, बाण नाही, काही नाही. भिंतीला दारच नाही. म्हणजे गेम तुटलेला आहे. तुमच्यापैकी कोणी एकदा तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळून बघितलं होतं का?

तू म्हणशील, आवाज ऐकला असतास तर. मग मी विचारते, बहिऱ्या माणसानं काय करायचं? ज्याला डोळ्यांनी खेळता येत नाही तो गेम नव्हे, रेडिओ. रेडिओ म्हणून विक.

नाइलाजाने तुझी बहीण

&nbsp;

सोमवार, ११ नोव्हेंबर

ठोंब्या,

परीक्षण दिलं. तीन. शुक्रवारी सकाळी, गेम विक्रीला येईल त्याच वेळी, साइटवर लागेल. तुला आधी वाचायला मिळावं एवढं नातं मी पाळते, म्हणून थोडं उतरवून देते.

"'भिंतीच्या कडेने'मध्ये घर आहे, पण त्या घरात कोणी राहत नाही. एका अंध स्त्रीचं जगणं दाखवण्याचा आव आणून निर्मात्यांनी चित्रकाराचे कष्ट तेवढे वाचवले आहेत. ज्यानं हे घर जवळून पाहिलेलंच नाही अशा कुणी पर्यटकानं ते बेतलं असावं. पहिल्या खोलीच्या पुढं गेम जात नाही, आणि तो जात नाही याचं दुःखही होत नाही."

'पर्यटक' हा शब्द मला आवडला. बराच वेळ आवडत राहिला. संपादकही वाचून हसले.

पत्र इथंच संपवून पेटीत टाकणार होते, तेवढ्यात त्यांचाच फोन आला. आमच्याकडे एक रीत आहे: गेम तुटलेला आहे असं छापायचं असेल तर दुसऱ्या कोणीतरी तिथपर्यंत खेळून खात्री करायची, म्हणजे उद्या निर्माते वकील घेऊन आले तर उत्तर देता येतं. सगळी पोरं कामात होती म्हणून संपादक स्वतःच बसले. आमचे संपादक कंट्रोलर पाहुण्यांसमोर ताट धरावं तसा धरतात. साध्या शर्यतीच्या गेममध्ये त्यांची गाडी उलटी धावते.

"मॅडम," ते म्हणाले, "एक शंका होती. तुम्ही लिहिलंय की स्वयंपाकघराचं दार सापडत नाही."

"नाहीच आहे ते."

"मला सापडलं हो."

"तुम्हाला?"

"अहो, मला स्वतःलाच नवल वाटलं! पहिल्याच फटक्यात सापडलं. तिकडून एक बाई करवादत असते ना. मी म्हटलं चला, माणूस आहे तिकडं, आणि गेलो आवाजाच्या रोखानं. ती ओरडायला लागली की वाट अगदी स्वच्छ कळते. तुमच्याकडे ती बाई ओरडत नाही का?"

मी म्हटलं, बघते आणि कळवते.

तुला हसू येत असेल तर आताच हसून घे. गेमवर इतकी वर्षं लिहिणारी बाई पहिल्याच खोलीत अडकते, आणि ज्यांना उडी मारायचं बटण कुठलं ते सांगावं लागतं ते संपादक तरंगत पुढं निघून जातात. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, हे कबूल. मी अडकले म्हणून परीक्षण चुकीचं ठरत नाही, बहिऱ्यांचा मुद्दा आहेच. पण 'तुटलेला' हा शब्द मला काढावा लागेल, आणि शब्द काढायची वेळ माझ्यावर आजवर आलेली नाही. तेव्हा दुसरा फेरा करावा लागणार. आवाज चालू करून. जिंकलास असं समजू नकोस. मी तो एका शब्दासाठी करणार आहे.

कोण आहे ही करवादणारी बाई? आपल्या घरात तर असं कोणी नव्हतं.

तुझी परीक्षक

&nbsp;

बुधवार, १३ नोव्हेंबर

ठोंब्या,

काल दुपारी बसले. तुझेच जुने हेडफोन कपाटात सापडले, एका कानाचा स्पंज गेलेले. लावले.

आधी नळ. तो आपलाच आहे, मोरीतला. थेंब पडतो, मग थांबतो, मग दोन पाठोपाठ पडतात. मला वाटलं टीव्हीत नाही, खरंच गळतोय, म्हणून हेडफोन काढून बघितलं. दोन्हीकडं गळत होता. मग काठी. मग कडी. आणि मग आतून, स्वयंपाकघरातून:

"दूध उतू गेलं तरी कोणी बघायचं नाही. मला काय दहा हात आहेत? सगळं मीच बघायचं, सगळं मीच मरायचं."

आपल्या घरात असं कोणी नव्हतं, असं मी तुला लिहिलं होतं. पत्र पेटीत पडलंय, आता परत घेता येत नाही.

मी कंट्रोलर त्या आवाजाकडे वळवला. राखाडी जरा विरळ झाली. आणखी वळवला, तर दाराची चौकट दिसली. ती बाई पुढं जाते, खिडकी आपटते, चादर झटकते, "उशी इथं कोणी टाकली" म्हणून करवादते, आणि ती जिथं करवादते तिथं घर उजळत जातं. गप्प झाली की परत राखाडी. गेम एवढाच आहे. जिकडं कुरकुर, तिकडं आई.

मागच्या खोलीत फोन वाजतो. आई तो उचलते. तिथपर्यंत सगळे आवाज मुद्दाम घेऊन बसवलेले आहेत, हे माझ्यासारखीला लगेच कळतं. पण फोनवरचा आवाज बसवलेला नाही. तो खरा आहे. तो तू कुठून आणलास, कधीपासून जपून ठेवलास, मला माहीत नाही. आई तुला म्हणते, "थांब रे जरा, ती कुठंय ते ऐकू दे. हां, करवादतेय. म्हणजे दार माझ्या डावीकडं. ती बोलत असली ना, की मला सगळं घर दिसतं बघ. गप्प बसली की अंधार."

परत लावलं. परत. मला रडू आलं. हे लिहून देते, म्हणजे तुला कल्पना करून फुगायला नको. हेडफोनमध्ये नाकही शिंकरता येत नाही धड.

तू मला फोनवर सांगायचास, आईशी गोड बोलत जा. समोरची शेजारीण पण म्हणाली होती, किती ओरडता हो म्हाताऱ्या माणसावर. मलाही एकदा वाटलं, पुरे झालं. म्हणून एके दिवशी मी सकाळपासून तोंडातून शब्द काढला नाही. कामं केली, भांडी हळू ठेवली, दार हळू लावलं. तुला बरं वाटावं अशी शांत, गुणी मुलगी झाले. त्याच दिवशी दुपारी ती कपाटाला धडकली. डॉक्टर म्हणाले, या वयात असं होतंच. मी कपाट हलवलं. कपाटाचा काय दोष होता?

हे तुला माहीत असणं शक्य नाही. तिनं तुला सांगितलं असेल तर तेवढं कळव.

आज एवढंच. परीक्षण अजून संपादकांकडेच आहे, आणि शुक्रवार परवा आहे.

&nbsp;

शनिवार, १६ नोव्हेंबर

ठोंब्या,

माझं परीक्षण लागलं नाही हे तू पाहिलं असशीलच. माझं मन द्रवलं वगैरे समजून गळा काढू नकोस. गुरुवारी मी संपादकांच्या खोलीत गेले आणि सांगितलं, गेमचा निर्माता माझा सख्खा भाऊ आहे. ते आधी हसले, कारण मी विनोद करत नाही हे त्यांना ठाऊक आहे पण विसरतात. मग हसायचे थांबले.

"अहो, मग तुम्ही आधी का नाही बोललात?"

"तीन द्यायचे होते म्हणून."

"आणि आता?"

"आता तीनही देता येत नाहीत आणि दहाही देता येत नाहीत."

ते बिचारे म्हणाले, चला, दुसऱ्या कोणाकडून तरी लिहून घेऊ, तुमचं आपण गुपचूप मिटवून टाकू. मी म्हटलं, नियम वाचा. माझ्या हातचा आहे. तेव्हा आता मीही बातम्यांच्या टेबलावर, खुर्चीसकट. कोणता कन्सोल कोणत्या रंगात येणार, याच्या चार ओळी करते. शेजारी तोच मेव्हणेवाला पोरगा. पहिल्या दिवशी त्यानं माझ्यासाठी टेबलावरची जागा करून दिली आणि दिवसभर स्वतःशीच शीळ घालत होता. घालू दे. सोमवारपासून त्याची वाक्यं तपासायला घेणार आहे मी, मग बघू शीळ कशी निघते.

तुझा गेम आमच्याकडच्या सर्वांत हळव्या पोराला दिला. त्यानं नऊ दिले! एका पानात 'हळुवार' तीनदा, आणि शेवटी 'मनाला भिडणारा' म्हणून आडवा झाला. माझ्या हाताखाली असता तर दोन्ही शब्दांवर काट मारली असती. सरासरी सातच्या बरीच वर आहे म्हणे, पहिल्या पानावर ठाण मांडून बसलाय तुमचा गेम. तुमचं दुकान वाचलं. अभिनंदन करत नाही. नऊ गुणांना तो लायक नाही, आणि का नाही ते तुला त्या पोरानं सांगितलेलं नाही, तर मी सांगते.

कपाट उजवीकडं नको. काढूनच टाक ते. खुर्चीचा डावा हात डुगडुगायचा, तो आवाज राहिला आहे. बहिऱ्यांचा मुद्दा मी मागे घेत नाही. कुरकुर अक्षरांतही दिसली पाहिजे, ज्या बाजूनं येते त्या बाजूला. आणि दूध उतू गेल्यावर मी 'सगळं मीच मरायचं' असं कधी म्हणत नव्हते. मी म्हणायचे, 'गेलं. आता प्या सगळे पाणी.' आईनं तुला फोनवर चुकीचं सांगितलं, किंवा तू चुकीचं ऐकलंस.

पण खरं खटकतंय ते वेगळंच. ती बाई कोण आणलीस तू माझ्या जागी? भाड्याची आहे हे पहिल्या वाक्याला कळतं. तिला करवादता येत नाही. ती "आई, जरा बस ना" म्हणते. मी जन्मात कधी 'ना' लावला नाही. ती रागावते आणि लगेच आवाजात पश्चात्ताप आणते, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं, वरून फणस, आतून गरे. मी अशी नव्हते. मी खरंच चिडायचे. सकाळी चिडायचे, दुपारी चिडायचे, आणि मान खाली घालून सगळं करायचे. मला पश्चात्ताप करायला वेळ कुठं होता?

माझा आवाज तुझ्याकडं नव्हता, हे मला कळतं. माइक जिन्यातून फेकल्यावर तू तरी काय करणार होतास? पण त्या फोनमध्ये आहे तो. तुला माहीत आहे का? आई "हां, करवादतेय" म्हणते तेव्हा मागं, खूप लांब, कोणीतरी झाकण आपटतं आणि काहीतरी बोलतं. शब्द कळत नाहीत. ती मी आहे, खरी. आई त्या आवाजाकडं कान लावून हसते. नीट ऐक, हसताना तिचा श्वास नाकातून येतो.

आणि मग फोन संपतो, आई उठते, आणि परत त्या भाड्याच्या बाईच्या आवाजामागं चालायला लागते. तिला दिसत नाही रे. तिला वाटतं मीच आहे. ती बिनघोर भिंतीला हात लावत त्या परक्या बाईच्या मागं जाते, आणि तुझे हजारो लोक घरोघरी बसून तिला तसंच चालवताहेत.

तेव्हा ठिगळ लाव. हो, मीच सांगते आहे. अपडेट म्हण, काय वाटेल ते म्हण. माइक घेऊन ये. जिन्यातून पडूनही चालत असेल तर तोच आण, ती केसाळ टोपी मात्र नको. मी काही वाचून दाखवणार नाही, तुझी वाक्यं तुझ्याजवळ ठेव. तू नुसता ये, बूट घालून आत ये, ओला टॉवेल पलंगावर टाक, चहाचा कप खुर्चीखाली विसर. मला काय बोलायचं ते आपोआप सुचेल. तू गप्प बसून आवाज घे.

तुझा नंबर चालू केला आहे. उगीच फोन करत बसू नकोस, गाडी पकड.

गेम मी पुरा केलेला नाही. मागच्या खोलीतून आईला सांभाळून बाहेरच्या खोलीपर्यंत आणलं, तिच्या खुर्चीवर बसवलं आणि तिथंच खेळ थांबवून ठेवला आहे. बसलेली आहे तोवर तिला कुठं धक्का लागायचा नाही. आता त्या बाईच्या मागं मी तिला एक पाऊल टाकू देणार नाही. ती बसून वाट बघतेय, आणि तिकडं सगळा अंधार आहे. लवकर ये.

ताई